दोरीवाले सर

एखाद्याचा हेवा वाटावा तर त्याच्याकडं हेवा वाटण्यासारखं निदान काहीतरी असावं ना! ह्या माणसाकडं काय होतं? एक सायकल, तिला घंटी नाही. दोन पांढरे सदरे, कॉलर उसवून उलटी करून पुन्हा शिवलेली, तीही स्वतःच्या हातानं. केस स्वतःच आरशात बघून कापलेले, त्यामुळं डावी बाजू कायम उजवीपेक्षा बोटभर लांब. आणि सायकलीच्या कॅरिअरला बांधलेला दोर, दोराला पोहरा. कुणाच्याही आडावर तहान लागली तर दुसऱ्याचा दोर मागायला नको म्हणून. शाळेत आले तरी दोर-पोहरा, लग्नाला गेले तरी दोर-पोहरा. पोरं त्यांना दोरीवाले सर म्हणायची. आणि मी, औरंगाबादेहून इंग्रजीत एम. ए. करून आलेला, गावात एकट्याच्याच घरी इंग्रजी पेपर मागवणारा, ह्या माणसावर चार वर्षं जळलो. चार वर्षं! आता वय झालं, लपवून काय डोंबल करायचंय.

निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या एका मोठ्या गावात आमची प्रशाला होती. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. एका तुकडीला इंग्रजी मी शिकवायचो, दुसरीला ते. ते नुसते बी. ए., तेही बाहेरून परीक्षा देऊन. घरात कानडी, शाळा निजामाच्या काळात उर्दूतून, मराठी बाजारात उचललेली, आणि इंग्रजी कुणी शिकवलीच नाही. पोलीस ॲक्शन झाल्यावर कधीतरी कुठल्याशा कचेरीनं रद्दीत काढलेला जाडजूड शब्दकोश त्यांच्या हाती लागला. पुठ्ठा नाही, पहिली काही पानं गायब. तो त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीन वेळा वाचला. मी एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर हसून म्हणालो, "सर, शब्दकोश कुणी वाचतं का?"

"मग काय करतेत त्याचं? उशाला घेतेत?" ते म्हणाले.

सगळे खो खो हसले. माझ्यावर.

त्यांना नाद एकच. इंग्रज जे वाक्प्रचार वापरतात त्यांचा अर्थ काय आणि ते आले कुठून, हे शोधायचं. त्यातही ओढण्याचे आणि आपल्या पायावर उभं राहण्याचे वाक्प्रचार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हणायचे, "बघा तर खरं, इंग्रज किती ओढतो! मोजे ओढतो, दोऱ्या ओढतो, दुसऱ्याचा पाय ओढतो, डोळ्यावर लोकर ओढतो. एवढी ओढाओढ करून राज्य करायला येळ कधी मिळाला त्याला?"

प्रत्येक वाक्प्रचाराला एक कार्ड. कार्ड म्हणजे लग्नपत्रिकेची कोरी पाठ. कुणाकडं कागद मागायचा नाही हा बाणा, पण आपल्या नावानं आलेल्या पत्रिकेवर आपला हक्क. म्हणून गावातलं एक लग्न चुकवायचे नाहीत. ज्यांच्या माडीवर ते भाड्यानं राहायचे, त्या अडतवाल्या अप्पांनी तर पोरीच्या लग्नात छापखान्याला बजावून सांगितलं, "मागची बाजू कोरी ठेवा, आमच्या सरांना लागते." पाचशे पत्रिकांची पाठ कोरी, एका माणसासाठी! माझ्याकडंही ती पत्रिका आली. मी कितीतरी वेळ तिची मागची बाजूच बघत बसलो होतो.

कार्डावर वर वाक्प्रचार, खाली अर्थ, त्याखाली उगम. आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं तीनपैकी एक शेरा: 'खात्रीनं', 'बहुधा' किंवा 'ठाऊक नाही'. मोजे वर ओढा म्हणजे कंबर कसून कामाला लागा, ह्याच्या कार्डावर लिहिलं होतं की शाळेच्या पोरांवरून आलं की शर्यतीत पळणाऱ्या गड्यांवरून, पक्का दाखला नाही, बहुधा. वर्गात सांगताना पंचाईत अशी की निम्म्या पोरांच्या पायात चप्पलच नाही, मोजे कुठले! तर सर म्हणायचे, "तुमचा आजा कासोटा खोवून औत धरतो का न्हाई? तेच हे. फक्त इंग्रजाला धोतर न्हाई." पोरांना जन्मभर पाठ. मी त्याच वाक्प्रचाराची व्याख्या तीनदा लिहून घ्यायचो, तरी चाचणीत निम्म्यांचं चुकायचं.

त्यांच्या 'ठाऊक नाही'च्या कार्डांचा गठ्ठा सगळ्यात जाड होता. मला हसू यायचं. हे कसले विद्वान? वर्गात पोरानं विचारलं तर माणूस खुशाल सांगतो, मला ठाऊक नाही! मी तर कधीच असं म्हटलं नव्हतं. माझा वर्ग मला विचारतही नव्हता म्हणा.

एका दुपारी मी नववीला कविता वाचून दाखवत होतो आणि शेजारून एकदम असा हशा उठला की माझा खडू हातातच राहिला. माझी पोरं माझ्याकडं बघेनात, भिंतीकडं बघू लागली. शेवटी मीच म्हणालो, जा, बघून या काय चाललंय. अख्खा वर्ग गेला आणि परत येईना! मग मीही गेलो. बघतो तर काय, सर एका मोठ्या टोपल्यात उभे. टोपल्याच्या बुडाखालून दोर घेतलेला, दोन्ही टोकं हातात, आणि माणूस तोंड लालबुंद होईतोवर वर ओढून राहिला. टोपलं करकरतंय, सर घामेघूम, आणि सगळं जागच्या जागी.

"उचललो का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, सर!" शंभर पोरं ओरडली. त्यात माझी पन्नास.

"जोर कमी पडला का?"

"न्हाई, सर!"

"मग?"

एक पोरगी म्हणाली, "सर, तुम्ही टोपल्यातच हाव की. तुम्हीच ओढणार अन् तुम्हालाच ओढणार, कसं व्हईल?"

सर टोपल्यातून उतरले आणि तिला म्हणाले, "बस, माय. आता मी काय शिकवू?" मग सगळ्यांना सांगितलं. गोऱ्यांच्या बुटाला मागं एक पट्टी असते, बूट चढवताना धरून ओढायला. ती पट्टी ओढून स्वतःला वर उचलायचं, हे म्हणणं मुळात टिंगलीचं. होऊच शकत नाही अशा गोष्टीला म्हणायचे. पुढं काय झालं कुणास ठाऊक, लोक तेच उपदेश म्हणून सांगायला लागले: कुणाची मदत घेऊ नका, बुटाची पट्टी धरा आणि उठा वर! "म्हणून कुणी तुम्हाला असा उपदेश केला, तर आधी त्याला टोपल्यात उभा करा," सर म्हणाले. पुन्हा हशा. मी माझ्या पोरांना हाकलत वर्गात नेलं आणि त्यांना शंभर ओळी शुद्धलेखन दिलं. कविता राहिली ती राहिलीच.

आणि हा माणूस स्वतः मात्र कुणाची मदत घेत नव्हता हं! त्यावरून मी एकदा टोमणा मारला. ते म्हणाले, "दिली तर घेतो की. मागत न्हाई. मागायची लाज वाटते, त्यात काय तत्त्वज्ञान नाही." असं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराला आमच्याकडं सलग दोन पावसाळे कोरडे गेले. म्हातारी माणसं म्हणत, बहात्तरइतकं नाही. पण आडाचं पाणी पार तळाला गेलं. एकेकाचे दोर अपुरे पडायला लागले. सरांचा दोर मात्र वाढतच होता. जुने कासरे, तुटके दोरखंड, जे सापडेल ते जोडून ते त्याला गाठी मारायचे. शाळेच्या आडावर मधल्या सुट्टीत पोरांना रांगेत उभं करून दोर ओढायला लावायचे आणि स्वतः रांगेत शेवटी उभे. पाणी वर येईतो दोराचे वाव मोजायचे, दोन्ही हात पसरले की एक वाव, तेही कानडीत: ओंदु, एरडु, मूरु. मधेच कुणी नुसता दोराला हात लावून उभा दिसला की थांबवायचे. "तू दोराला टांगलेला हाईस का दोर ओढून राहिलास?"

माझ्या घरचा दोर दोन वाव कमी पडला. बायको म्हणाली, "अहो, सरांचा दोर घेऊन या. ते सगळ्यांना देतात."

"मी त्यांच्याकडं मागायला जाणार नाही," मी म्हणालो.

"का? त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

काय सांगणार तिला? निलंग्याच्या बाजारातून नवा कोरा दोर आणला. तो भिजून आटला आणि हातभर कमीच पडला. कपाळ माझं! दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर दारात दोन घागरी भरलेल्या, आणि बायको भाकरी थापत मला सांगून राहिली, "अहो, तुम्हाला ठाऊक आहे का, पुलिंग वेट, म्हणजे आपला वाटा आपण उचलणं, हे कुठून आलं? लांबड्या नावेत आठ जण वल्ही मारतात. प्रत्येकानं निदान आपल्या वजनाइतकं ओढायचं. नाहीतर त्याचं ओझं बाकीच्या सात जणांवर. सर सांगत होते आडावर. खात्रीनं आहे म्हणे हे."

सातवी शिकलेली माझी बायको! लग्नाला सहा वर्षं झाली, मी तिला एक इंग्रजी शब्द शिकवला नव्हता. भाकरी घशाखाली उतरेना. पाणी प्यावं तर तेही त्यांच्याच दोराचं.

नव्या जिल्ह्यानं सगळ्यांना पिसं लावलं होतं. आजवर बारक्या कागदासाठी उस्मानाबादेला जावं लागायचं, आता सगळं लातूरला. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ओला, फायली गव्हाच्या पोत्यांत भरून आलेल्या. नवीन जागा निघणार म्हणून जो तो एस.टी.त. शिक्षण खात्यात जिल्ह्यासाठी इंग्रजीचा एक विषयतज्ज्ञ घेणार होते. तालुक्या-तालुक्यात फिरून शिक्षकांना शिकवायचं, पोरांसाठी वाक्प्रचारांची पुस्तिका काढायची. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यासाठी मी तळमळत होतो. ती मिळाली असती तर जिल्ह्यात इंग्रजीचा माणूस कोण, ह्याचा एकदाचा निकाल लागला असता.

सासरे लातूरचे, त्यांची एका पुढाऱ्याशी ऊठबस. मी दर शनिवारी लातूरला. पुढाऱ्याच्या ओसरीवर तास तास बसायचो, चहा प्यायचो, सासरे माझी ओळख करून द्यायचे, पुढारी मान हलवायचे. भीती एकच होती. दोरीवाल्या सरांनी अर्ज केला तर? शिक्षण खात्यातल्या साहेबांच्या कानावर त्यांचं नाव असणारच. एक दिवस मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, त्या लातूरच्या जागेचं काय? तुम्ही टाकलाय का अर्ज?"

"म्या? न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही दर शनिवारी लातूरला जाऊन राहिलात, सगळं ठीक हाय ना घरी?"

"सासरे आजारी आहेत."

"अरेरे," असं म्हणून त्यांनी कार्डांचा गठ्ठा काढला. नवीन कार्ड दाखवलं. पुलिंग स्ट्रिंग्ज, वशिला लावणे. कळसूत्री बाहुल्यांवरून, बाहुली पुढं नाचते, दोरी ओढणारा पडद्याआड. खात्रीनं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ह्यांना कळलंय की काय? पण चेहरा बघितला तर भोळाभाबडा, नव्या कार्डाच्या आनंदात.

महिन्याभरानं साहेब स्वतः पाठ बघायला आले. आधी सरांच्या वर्गात, मग माझ्या. मी मनात म्हणालो, संपलं. पाठ झाल्यावर आम्हा दोघांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. साहेब हौशी होते. म्हणाले, "वाक्प्रचारांचा एवढा अभ्यास आहे म्हणता, तर सांगा, चेष्टा करण्याला इंग्रजीत पाय ओढणं का म्हणतात?"

"ठाऊक नाही, साहेब," सर म्हणाले. "लई शोधलं. दाखला मिळत न्हाई."

साहेब माझ्याकडं वळले. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. कॉलेजच्या होस्टेलवर कुणीतरी गप्पांत सांगितलेली एक कहाणी आठवली. मी खुर्चीत सरसावून बसलो आणि ठणकावून सांगितलं: जुन्या काळी इंग्लंडात चौकात फाशी द्यायचे, जीव लवकर जाईना, तर नातेवाईक खाली लोंबकळून त्या माणसाचे पाय ओढायचे, त्यावरून. चेष्टेशी ह्याचा काय संबंध, हे मलाही सांगता आलं नसतं. पण साहेब खूश! "वा! ह्याला म्हणतात वाचन," ते म्हणाले आणि डायरीत लिहून घेतलं. सर माझ्याकडं टक लावून बघत होते. आता हा माणूस मला उघडा पाडणार, मी धरूनच चाललो.

साहेबांची जीप गेली. सर माझ्यामागं जवळजवळ पळत आले. हातात कार्ड, लाल पेन्सिल आणि खोडरबर.

"कुठं मिळाला दाखला? अहो, मी बारा वर्षं शोधून राहिलोय!"

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. एम. ए. झालेला माणूस साहेबांसमोर खोटं सांगेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणालो, "औरंगाबादेच्या लायब्ररीत वाचलं होतं. पुस्तकाचं नाव काही आठवत नाही."

"पुस्तक आठवत न्हाई, म्हंजे 'खात्रीनं' लिहिता येत न्हाई," ते म्हणाले. मग तिथंच ओट्यावर बसून त्यांनी 'ठाऊक नाही' खोडलं, फुंकर मारली, आणि सावकाश 'बहुधा' लिहिलं. ते खोडायला मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

हुकूम माझ्या नावानं आला. आम्ही लातूरला बिऱ्हाड हलवलं. निरोप समारंभात सर माझ्याबद्दल बोलले, चांगलं बोलले. मी ऐकत नव्हतो. जिंकलो होतो ना!

लातूरला वर्ष झालं असेल. कचेरी नव्या जागेत हलवायची होती, फायली लावायचं काम आमच्याकडं आलं. माझ्याच नेमणुकीची फाईल हाताला लागली. उघडली तर सगळ्यात खाली साहेबांनी सरांना पाठवलेल्या पत्राची प्रत. ही जागा आपण स्वीकारावी, अर्जाची गरज नाही, असं त्यात लिहिलेलं. त्यावर सरांचं उत्तर, शाईनं, वळणदार अक्षरात: मला ही जागा नको. माझ्या शेजारच्या वर्गात शिकवणारे शिक्षक माझ्यापेक्षा लायक आहेत. त्यांचा पाठ येऊन बघावा. तारीख बघितली. मी सासऱ्यांबरोबर पहिल्यांदा पुढाऱ्याच्या ओसरीवर बसलो, त्याच्याही आधीची. साहेब आले होते ते मलाच बघायला. ओसरीवरचे ते शनिवार फुकट, तो चहा फुकट, ती फाशीची कहाणीही फुकट. जागा आधीच माझी होती आणि ती मला ह्या माणसानं दिली होती. काय संताप आला म्हणून सांगू! हेवा गेला नाही, उलट दुप्पट झाला.

रविवारी पहिली एस.टी. धरून गावी गेलो. सर माडीवर स्वतः चुरमुऱ्यांचा सुशिला परतत होते. मला बघून एवढे खूश झाले की चुरमुऱ्यांची आणखी एक ओंजळ कढईत टाकली. मी बसलो नाही.

"साहेबांना माझी शिफारस तुम्ही केलीत?"

"हाव."

"का? मी मागितली होती का?"

त्यांनी स्टोव्ह बंद केला, हात पुसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "खरं सांगू का? शिफारस नव्हती ती. घालवलं मी तुम्हाला. मला तुमचा हेवा वाटायचा, सर. लई."

मला वाटलं, माझं ऐकण्यात काहीतरी चुकतंय.

"तुम्ही दुपारच्या तासाला कविता वाचायचा ना, तेव्हा माझी पोरं गप व्हायची. मी इकडं बोलून राहिलोय आणि त्यांचे कान भिंतीला. टोपल्यात उभा राहून माकडचेष्टा केल्या, तेव्हा कुठं माझ्याकडं बघितले. इंग्रजी माझ्या डोक्यात हाय, पण तोंड उघडलं की कानडी येते. तुमच्या तोंडातून ती कशी सरळ यायची! चार वर्षं जळलो. मग साहेबांचं पत्र आलं. म्हणलं, हा माणूस लायक बी हाय अन् गेला तर माझा जीव बी थंड होईल. म्हणून लिहून टाकलं. माफ करा मला."

चार वर्षं! भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं ते. मला असा आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. ओठांवर सगळं आलं होतं: सर, अहो सर, मी काय केलंय ते ऐका आधी. पण त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "छे छे, सर! काहीतरीच काय. मी असल्या गोष्टी कधी मनात आणत नाही."

त्यांचे डोळे भरून आले. माझे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले.

"तुमचं मन मोठं हाय, सर," ते म्हणाले. "लई मोठं हाय."

मग त्यांनी मला सुशिला खाऊ घातला आणि स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत एवढे बोलत होते, एवढे हसत होते, इतकं मोकळं झालेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी खिडकीशी बसलो. गाडी सुटली तरी ते हात हलवत उभे होते. निलंगा गेलं, औसा गेलं, आणि लातूर येईपर्यंत मी एकच वाक्य जुळवत बसलो होतो. मोठं नव्हतं, दोनच शब्दांचं होतं: मीही, सर. ते सांगायला मी पुन्हा कधी गेलो नाही.